साळूबाईच्या हातचा रस

उत्तम शुक्रवारी दिस कलायच्या आत आमच्या वस्तीत घरोघरी मानसं ओकाय लागली. पैल्यांदा कोंडीबा म्हाताऱ्याच्या घरनं आवाज आला, मग त्येच्या शेजारच्या घरनं, आन् मग माझ्याच पोटात असं काय पिळलं की मी उंबऱ्यातच बसले. जीभ चरचरत हुती. लहानपनी तांब्याचा भोकाचा पैसा त्वांडात धरला की जशी चव यायची तशी चव जिभंवर बसली हुती, ती पान्यानं बी जाईना.

अंजना धावत आली. तिनं माझं कपाळ धरलं, पाठीवरनं हात फिरवला. तिला काय बी झालं न्हवतं. सगळ्या वस्तीत मोठ्या मानसांत ती एकटी धडधाकट हुती, आन् ह्येच तिच्या जिवावर येनार हाय ह्ये तिला माझ्या आधी कळलं. 

"आत्या," ती म्हनली, "समद्यांनी देवळात मेजावरचं घेतलं. मी बी घेतलं. मग मलाच कसं काय झालं न्हाई?"

"गप बस. पानी आन," मी म्हनले. मला तवा दुसरं काय सुचनार?

मी राहीबाई. जीभ माझी पैल्यापास्नं तिखट, ती आता ह्या वयात काय मऊ हुनार न्हाई. आमची वस्ती कवठे महांकाळच्या वाटंला, गावाच्या भाईर. आमच्या आज्याच्या येळंला मिशनचं सायेब आलं, तवापास्नं आमी येशूचं. मूठभर घरं, मदी कौलारू देऊळ, वर लाकडाचा क्रूस. शांतवन पाळक सांगलीवरनं यष्टीनं म्हयन्यातनं एकदा यायचं, तवा प्रभुभोजन व्हायचं, मेजावरची भाकर आन् रस सगळ्यांनी वाटून घ्यायचा. मऊ मानूस. भ्या घालायचं काम त्येंचं न्हवं, ते आमचा पंच आकाराम करायचा. ह्यो कोंडीबाचा ल्योक, माझा चुलत दीर. साळूबाई त्येची बायको, म्हंजे माझी जाऊ.

मेजावरचा रस साळूच करायची. तासगावास्नं काळं मनुकं आनायचं, भिजवायचं, उकळून गाळायचं, साखर घालून चिनी बरनीत भरून ठेवायचं. दारू आमच्या मेजावर चालत न्हाई. पाळक प्रार्थना करायचं, आन् आकाराम एकच प्याला सगळ्यांम्होरं फिरवायचा. उरलेला रस सांडायचा न्हाई, ही आमची रीत. उपासना सुटली की मंडळीनं तिथंच पिऊन संपवायचा. त्या उन्हाळ्यात तर बहात्तरच्या दुष्काळानं इहिरी आटलेल्या, पानी टँकरचं, आन् उत्तम शुक्रवारचा, येशूला क्रूसावर दिलं त्या दिसाचा, दिसभर उपास. मानसं उरल्या रसावर तुटून पडली. कोंडीबाला गोडाची लय आवड, त्येनं दोनदा गिलास म्होरं केला.

अंजना मातर थांबली न्हवती. तिचा त्यो दिस येगळाच हुता.

अंजना माझ्या भावाची लेक, आष्ट्याची. तिनं काय केलं ते मी झाकत न्हाई. नवरा जालिंदर फौजेत. एकाहत्तरला त्यो लढाईवर गेला आन् हिकडं ही एका ट्रकच्या डायव्हरासंगं साताऱ्याला जाऊन ऱ्हायली. घरी कुनी छळत हुतं, उपाशी ठेवत हुतं, असं काय न्हाई. जालिंदर भला मानूस हुता. पायात गोळी खाऊन घरी आला तर दाराला कुलूप. त्येनं हिला सोडली. डायव्हरानं बी टाकली. आष्ट्याला गेली तर माझ्या भावानं दार उघडलं न्हाई. मग माझ्या दारात आली. मी दोन थोबाडीत दिल्या आन् मग जेवायला वाढलं.

अशा मानसाला आमी देवळात यिऊ देतो, पन मेजावर न्हाई. भोजनाच्या येळंला त्येनं दारापाशी बसायचं, जिथं मंडळी चपला काढती तिथं. अंजना वरीसभर तिथं बसली. प्याला फिरायला लागला की ती खाली मान घालून चपला सरळ लावत बसायची, मला मागं वळून बगवायचं न्हाई. शेवटी ती पाळकांम्होरं उभी ऱ्हायली आन् सगळं आपल्या त्वांडानं बोलली. काय बी लपवलं न्हाई, कुनावर घातलं न्हाई. पाळक म्हनलं, देवानं तुला क्षमा केली, येत्या उत्तम शुक्रवारी तू मेजावर ये.

आकारामाला ते रुचलं न्हाई. त्येनं त्या दिवशी उपासनेच्या आधी उभं ऱ्हाऊन सगळ्यांस्नी बजावलं, "मन तपासून या. मनात पाप ठिवून ह्या मेजाला हात लावंल, त्येच्यावर दंड येतो." बोलला सगळ्यांस्नी, पन बगत हुता हिच्याकडं. अंजनाचं व्हट पांढरं पडलं हुतं. उपासना सुटल्याबरुबर ती घरला निघाली, म्हनून मी बी निघाले. आमी दोगींनी उरलेला रस प्यालाच न्हाई. मी फिरत्या प्याल्यातला एक घोट घेतला हुता तेवढाच.

पाळक लगोलग सांगलीच्या यष्टीत बसलं. वाटंत त्येंच्या बी पोटात डचमळलं, पन ते आमाला मागनं कळलं.

शनवारी सकाळपतुर वस्ती निपचित पडली. कोंडीबा म्हाताऱ्याचं डोळं आत गेलं, बोलनं बंद झालं. पटकीचा वहीम यिऊन कुनीतरी डाक्टराला जीपमधनं आनलं. डाक्टर तरना हुता, शाना हुता. त्येनं औषध दिलं, मीठ-साखरेचं पानी पाजायला सांगितलं आन् आकारामाला इचारलं, "काल सगळ्यांनी मिळून काय खाल्लं?"

"काय न्हाई सायेब. उपास हुता," आकाराम म्हनला.

"काहीतरी खाल्लं असेल. काही प्यायलात?"

"न्हाई. टँकरचं पानी, ते अख्खा गाव पितोय."

त्यो खोटं बोलत न्हवता. मेजावरची भाकर आन् रस म्हंजे खानं-पिनं, असं आमच्यातल्या कुनाच्याच मनात आलं न्हाई. माझ्या बी न्हाई. ते प्रभूचं शरीर आन् रक्त. त्येच्यात काय खोट असंल असा इचार करनं म्हंजेच पाप. आमी सगळी डाक्टराम्होरं मान हालवून उपास हुता, उपास हुता म्हनत ऱ्हायलो, आन् त्यो बिचारा बुचकळ्यात पडून निघून गेला.

जीपचा धुरळा बसायच्या आत आकाराम म्हनला, "डाक्टराच्या हातातलं न्हाई ह्ये. ह्यो दंड हाय."

मग जी भीती वस्तीत शिरली ती मी उभ्या जल्मात बगितली न्हवती. पटकीला मानूस भेतो, पन तिच्यापास्नं पळून जाता येतं. देवापास्नं कुटं पळनार? जो त्यो आपलं आपलं आठवाय लागला. बनुबाईनं शेजारनीची मागल्या साली दाबलेली कोंबडी काय न बोलता तिच्या अंगनात नेऊन सोडली. गुंडा नावाच्या गड्यानं बायकोचं पाय धरलं, कशाबद्दल ते तिलाच ठावं. आन् हळूहळू सगळ्यांच्या मनानं एकच वाट धरली. मेजावर काल नवीन काय झालं? अंजना आली. सगळी आजारी पडली, एकटी कोन न्हाई पडली? अंजना.

ती कळशी घिऊन घरोघरी पानी द्यायला गेली हुती. बनुबाईनं आतनं कडी लावली आन् म्हनली, "ठेव तिथंच, आन् जा." अंजना परत आली तवा कळशी भरलेलीच हुती.

सांजच्याला आकाराम आमच्या अंगनात यिऊन उभा ऱ्हायला. उंबरा वलांडला न्हाई. तोंड सुकलेलं, बाप घरात मरायला टेकलेला. त्येला बी भ्या वाटत हुतं, मी ते नाकारत न्हाई.

"वैनी, उद्या पुनरुत्थानाचा सण. पाळक येत्याल. मी त्यास्नी सांगनार हाय, हिला मंडळीतनं काढा. तवर हिनं देवळाच्या पायरीवर पाय ठेवू नये. म्हातारा गेला तर त्येचं रगात हिच्या डोईवर."

"तुमी देव हाय व्हय भावजी?" मी म्हनले. पन माझा आवाज नेहमीसारखा निघाला न्हाई. खरं सांगायचं तर मला बी भ्या वाटलं. खरंच असंल तर? पाळक मऊ मानूस, त्येंनी घाईनं माफ केलं असंल, आन् देवानं केलं नसंल तर? ही माझ्या रगताची पोर, तरी ह्यो इचार माझ्या मनाला शिवून गेला.

अंजना आत लुगडं गाठोड्यात बांधत हुती.

"कुटं निघालीस?"

"साताऱ्याकडं. न्हाईतर कुटं बी. माफ झालंच न्हवतं, आत्या. पाळक म्हनलं, पन देव म्हनला न्हाई."

"मग दंड तुला का न्हाई झाला? सगळी आडवी झाली आन् तू उभी."

"ह्योच माझा दंड. माझ्यापायी दुसरी मरनार आन् मी बगत बसनार." तिनं गाठोड्याची गाठ आवळली. "मला वाटलं हुतं, आता सुटले. लय हलकं वाटलं हुतं गं."

मी दाराला आतनं कडी घातली आन् दाराला पाठ लावून बसले. तिला म्हनले, जायचं तर मला वलांडून जा. ती गाठोडं उशाला घिऊन माझ्या पायाशी पडली.

सकाळी देवळाची घंटा व्हायच्या आधी मी चा ठेवला. घोट घेतला आन् थुंकले. "जळ्ळी ही जीभ. अजून त्या रसाचा कडवटपना जाईना."

अंजनानं वर बगितलं. "कडवट? रस गोड हुता की."

"कुटला गोड? तोंड चरचरलं माझं."

"माझा गोड हुता."

मी कप खाली ठेवला. "तुझा म्हंजे?"

मग तिनं सांगितलं, मान खाली घालून, जसं काय तीच चुकली. आकारामानं तिच्यापतुर प्याला आनलाच न्हवता. ती शेवटाला, भिंतीकडंला बसलेली. त्येनं मागच्या फळीवरनं एक स्टीलचा पेला उचलून तिच्या हातात दिला हुता, त्यात घोटभर रस. मी म्होरच्या वळीत, पाळक मेजापाशी डोळं मिटून. कुनाला दिसलं न्हाई.

"मला का बोलली न्हाईस?"

"मला वाटलं, माझ्यासाठी तेवढंच रास्त असंल."

माझ्या अंगात कुटनं बळ आलं देव जानं. मी तशीच उठले आन् साळूच्या घरात शिरले. आकाराम देवळात गेला हुता. साळू चटईवर पडलेली, शेजारी म्हातारा. त्येचा श्वास चालू हुता, रातच्यापरीस बरा वाटत हुता. मी चुलीकडं गेले. पाटीखाली मिशनच्या येळंची पितळी तपेली झाकून ठेवली हुती. भाईरनं चिंचेनं घासून लखलखीत, आन् आत कल्हईचा पत्त्या न्हाई. तळाला हिरवागार थर.

बाईच्या जल्माला आलेल्या कुनाला बी ते बगून कळंल. बिनकल्हईच्या पितळंत मनुक्याच्या रसासारखं आंबट रातभर ठेवलं की ते कळकतं, मानसाला विखासारखं बाधतं. साळूला ते ठावं न्हवतं असं न्हाई.

ती उठून बसली. माझ्याकडं बगितलं आन् तिच्या चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रगात बी गेलं.

"कल्हईवाला औंदा फिरकलाच न्हाई दुष्काळानं," ती म्हनली. "एका रातीत काय हुतंय असं वाटलं."

"आन् बरनी? दर साली बरनीत ठेवतीस."

"ह्ये म्हनलं, तिचा वाटा आधीच येगळा काढ. आमच्या प्याल्याला तिचं त्वांड नगं. मग बरनीत तिचा ठेवला. बरनीचा काठ फुटलेला हुता. मंडळीचा रस चांगल्या भांड्यात असावा म्हनून तपेली काढली." ती हुंदका दाबून म्हनली, "काल घासाय घेतली तवा हिरवं दिसलं. कुनाला सांगू, राहीबाई? मामंजी मरायला लागलेलं माझ्या हातनं, आन् ह्ये दारोदार दंड दंड म्हनून सांगत फिरत्यात."

मला तिची दया आली न्हाई. मी तपेली उचलून देवळात गेले आन् तिथल्या मागच्या फळीवरचा त्यो स्टीलचा पेला बी उचलला.

पाळक आलं हुतं, उतरलेल्या तोंडानं. मंडळी जमली हुती, निम्मी भिंतीला टेकून. आकाराम उभा ऱ्हाऊन बोलतच हुता. मी मदनं चालत गेले आन् तपेली मेजावर आपटली. शेजारी पेला ठेवला. आत बगा म्हनले. मग जे झालं ते सगळं सांगितलं, एक शबुद गाळला न्हाई.

"भावजी," मी म्हनले, "गावातल्या हाटेलात तुमच्या बापाला चा कशात मिळायचा? भाईरच्या खोबनीत ठेवलेल्या फुटक्या कपात. पिऊन झाला की आपला आपुन धुवून परत तिथंच ठेवायचा. त्यो कप सुटावा म्हनून आपली मानसं येशूकडं आली. आन् तुमी त्यो कप उचलून देवाच्या मेजावर आनून ठेवला."

आकाराम मटकन खाली बसला. पाळकांनी पेला हातात घेतला, बगितला आन् परत ठेवला. त्येंच्या डोळ्यात पानी आलं. "हे माझ्या डोळ्यांदेखत झालं," ते म्हनलं, "आणि माझे डोळे मिटलेले होते."

तेवढ्यात दारातनं साळू आली. कवा आली कुनाला कळलं न्हाई. ती चालत आत आली न्हाई. जिथं चपला काढत्यात तिथं बसली आन् पदर तोंडावर ओढला.

मग सगळी भीती तिच्यावर उलटली. कालपतुर देवाला भेलेली मानसं आता साळूला भ्याय लागली. गुंडा म्हनला, "हिनंच इख घातलं. काढा हिला." बनुबाई तिच्याजवळ बसली हुती ती सरकून लांब झाली. कुनीतरी म्हनलं, हिच्या हातचं पानी बी नगं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

पाळकांनी अंजनाला हाक मारली. ती माझ्या मागनं आली हुती, पायरीच्या खाली उभी हुती, कारन तिला पायरी चढू नगं म्हनून सांगितलं हुतं. "बाई, सर्वात जास्त अन्याय तुझ्यावर झाला," पाळक म्हनलं. "तुझं काय म्हणणं आहे?"

अंजना पायरी चढून दारात आली, साळूच्या शेजारी उभी ऱ्हायली. ती म्हनली, "फुडल्या भोजनाचा रस साळूकाकूंनीच करावा."

मलाच वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पोरी, डोस्कं फिरलंय तुझं," मी म्हनले.

"न्हाई आत्या. मला माफ केलं म्हनलं, आन् पेला येगळा ठेवला. ती माफी न्हवं. त्या माफीनं मी दोन दिस मरत हुते. आता त्यास्नी माफ केलं म्हनायचं आन् त्येंच्या हातचं नगं म्हनायचं, ते बी तेच की. मला असली नगं, मग मी त्यास्नी असली कशी दिऊ?"

पाळकांनी तसंच हुईल म्हनून मान हालवली.

म्हयना कसा गेला इचारू नगासा. कोंडीबा उठून बसला, भाकरी मागाय लागला, पन साळू वाळत गेली. ती कुनाच्या दारात जात न्हवती. टँकरला सगळ्यांच्या मागं उभी ऱ्हायची. आकारामानं पंचाचं काम सोडलं. त्यो यिऊन अंजनाम्होरं हात जोडून उभा ऱ्हायला हुता, ती "बसा काका" म्हनून आत चा ठेवाय गेली, चा हुईपतुर त्यो पळून गेला.

भोजनाच्या आदल्या दिवशी साळू मनुक्याची पुडी घिऊन आमच्या दारात आली. "अंजना, माझ्याघरी चल. मी रस करताना माझ्या हातावर नजर ठेव. मला माझाच भरोसा वाटंना झालाय. उद्या कुनाला काय झालं तर मी जगत न्हाई."

अंजनाला भ्या वाटलं, ते मला दिसलं. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं. "मी यायची न्हाई काकू. मी नजर ठेवायला आले तर रस माझ्या भरोशाचा हुईल. तुमी करा. आमच्या घरची बरनी घासून ठेवलीया, ती न्या."

साळू बरनी पोटाशी धरून गेली. मी मातर तिच्या खिडकीतनं बगनार हुते. चपला बी घातल्या. अंजनानं माझ्या मांडीवर जवारीचं सूप आनून ठेवलं आन् म्हनली, "खडं काढ." मग दोगी खडं काढत बसलो. दोगींचं बी ध्यान सुपात न्हवतं.

दुसऱ्या दिवशी देऊळ भरलं. साळू दारापाशीच बसली, आत ये म्हनलं तर आली न्हाई. पाळकांनी प्रार्थना केली, भाकर मोडली. मग त्येंनी सोता प्याला उचलला, घोट घेतला आन् म्होरं दिला.

कोंडीबा म्हातारा पैल्या जागी. त्येनं प्याला व्हटाला लावला. पन त्येचा कंठ हालला न्हाई, मी बगितलं. मग आकाराम. मग गुंडा. बनुबाईनं तर व्हट मिटूनच प्याला टेकवला. एकामागनं एक सगळी तसंच. प्याला हातातनं हातात चालला हुता आन् रस जिथल्या तिथं. कुनाचा राग न्हवता त्यात, निस्तं भ्या. मागं बसलेल्या साळूला बी ते दिसत असंल, वरीसभर तिथं बसून अंजनाला दिसायचं तसं.

प्याला माझ्याकडं आला. मला व्हटापतुर बी नेता येईना. जिभंवर ती पैशाची चव आपोआप आली. मनात म्हनत हुते, घे बाई, घे, आन् हात हालंना.

अंजना ह्या खेपंला माझ्या शेजारी बसली हुती. तिनं माझ्या हातातनं प्याला घेतला. तिच्या बी कपाळावर घाम हुता. तिनं डोळं मिटलं न्हाईत. चांगला मोठा घोट घेतला, सगळ्यांस्नी ऐकू जाईल असा गिळला, आन् प्याला परत माझ्या हातात दिला.

मी प्याले. गोड हुता.

मी ते बोलले न्हाई, पन माझं तोंड बगून कळलं असंल. पैल्या जागेवरनं कोंडीबाचा घोगरा आवाज आला, "प्याला माघारी आना. मी मगाशी प्यालो न्हवतो."

कुनी हसलं न्हाई. प्याला माघारी गेला, आन् पैल्यापास्नं परत निघाला. ह्या खेपंला मी एकेकाचा कंठ बगत बसले, सगळ्यांचा हालला. शेवटाला अंजना प्याला घिऊन दारापाशी गेली. साळूनं हात म्होरं केलं, पन तिला धरवंना, म्हनून अंजनानंच तिच्या व्हटाला लावला. साळू प्याली आन् तोंडावर पदर घिऊन रडाय लागली.

माझा राग गेला हुता असं मी म्हननार न्हाई. पन मी उठले, तिच्यापतुर गेले आन् तिच्या दंडाला धरलं. "ऊठ साळे," मी म्हनले, "चपला काढायची जागा हाय ती," आन् तिला आत घिऊन आले.